जर्मलची बोट आणि भागीबाईची गोधडी

हरसूलकडच्या मोतीरामला पोहता कधी यायला लागलं, हे त्याच्या आईलाही सांगता यायचं नाही. भात-नागली घरात आली की बायकोला, भागीबाईला, घेऊन दिंडोरीला द्राक्षबागेत कामाला जायचं आणि पाऊस तोंडावर आला की परतायचं, अशी त्याची वीस वर्षं गेली. मग नाशिक रोडच्या वेदिका मॅडमनी गंगापूर धरणाच्या काठी छोटंसं बोटिंग केंद्र काढलं आणि पाण्याला न घाबरणारा माणूस म्हणून मोतीरामला तिथे ठेवून घेतलं. नवराबायको तिथल्याच खोलीत राहायला आले.

केंद्रात नवी कोरी बोट आली, ट्रेलरवर बसून. मोतीरामने तिच्या पोटावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "ही तर जर्मलची हाय." त्याच्या गावाकडे ॲल्युमिनियमला जर्मलच म्हणतात. हे साधं पातेल्याचं ॲल्युमिनियम नाही, पाण्यासाठीचं खास आहे, असं मॅडमनी बराच वेळ समजावलं. घरी येऊन त्याने भागीबाईला सांगितलं, की भारीतलं जर्मल आहे.

त्या बोटीवर त्याचा जीव जडला. पावसाळ्यात चार महिने केंद्र बंद असायचं. बोट पाण्यातून काढून ट्रेलरवर चढवली, तेव्हा खालच्या फळ्या तिला टोचतील असं त्याला वाटलं. त्याने भागीबाईची एक गोधडी मागून आणली आणि फळ्यांवर अंथरली. बोट निथळत होती, गोधडी चिंब झाली, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही. कुणाची दृष्ट लागू नये म्हणून आजोबांच्या वेळचा तांब्याचा पैसा बोटीच्या पोटाखाली सारला. वरून ताडपत्री घातली आणि वारासुद्धा शिरणार नाही अशी चारी बाजूंनी खोचून टाकली. चार महिने बोट अशी गुरफटून पडली होती.

ऑक्टोबरात पहिली फेरी निघाली. नाशिक रोडची आठ निवृत्त मंडळी लाइफ जॅकेट घालून बसली. पाण्याच्या मध्यावर एक गृहस्थ अगदी सौजन्याने म्हणाले, की त्यांचे मोजे ओले झालेत. मोतीरामने वाकून पाहिलं. तळातून दोऱ्यासारखी पाण्याची धार वर येत होती. त्याने तिच्यावर टाच ठेवली. शेजारी दुसरी दिसली, तिच्यावर दुसऱ्या पायाचा अंगठा ठेवला. बोटीच्या बाकांखाली फोम होता, त्यामुळे ती बुडणार नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. पण मंडळींना ठाऊक नव्हतं. म्हणून पाय फाकवून उभा राहत त्याने बोट वळवली आणि काठ येईपर्यंत आकाशातला एकेक पक्षी दाखवत राहिला. निम्म्या पक्ष्यांची नावं त्याने तिथेच पाडली. सगळ्यांच्या माना वर होत्या. उतरताना एका बाईंनी त्याच्या पक्षीज्ञानाचं कौतुकही केलं.

बोट बाहेर काढली तर पोटाला पांढरी भुकटी धरलेली आणि देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेले. वेदिका मॅडम भडकल्या. कंपनीने हलका पत्रा गळ्यात मारला, असं त्यांचं ठाम मत झालं. त्यांनी दोन पानी तक्रार लिहायला घेतली आणि सोमवारी धाडायची ठरवली.

रविवारी मोतीरामने गोधडी धुवायला घरी आणली. भागीबाईने ती उलगडली, हिरवा गोल डाग पाहिला आणि इथे काय ठेवलं होतं ते विचारलं. त्याने पैशाचं सांगितलं. ती आत गेली आणि एक जुनं पातेलं घेऊन आली. एका वर्षी दिंडोरीला जाताना तिने ते ओलंच ठेवलं होतं आणि आत तांब्याचा गडू राहिला होता. परत आल्यावर बुडाला भोक. ते पातेलं तिने आता त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. भोकातून तिचा डोळा दिसत होता.

"जर्मल ओलं कोंडून ठेवलं का पाणी त्याला खातं. वर तांबं टेकवलं तर मंग इचारूच नका," ती म्हणाली. "तुमी बोट झोपवली नाय. तिचं लोणचं घातलं."

त्या दिवशी मोतीरामला भाकर गोड लागली नाही. गप्प बसावं, असंही मनात आलं. कंपनी लांबची, तिला कोण ओळखतं? पण न केलेल्या चुकीचा ठपका आपल्यावर आला, तर कसं वाटतं, हे बागेत त्याने अनुभवलं होतं. सोमवारी सकाळी मॅडम येण्याआधीच तो दारात उभा होता.

"मॅडम, ते पत्र नका धाडू," तो म्हणाला. "कंपनीची चूक नाय. बोट मी खाल्ली."

त्याने गोधडी, पैसा, ताडपत्री, सगळं सांगून टाकलं. मॅडम ऐकत राहिल्या. मग त्यांनी कपाट उघडून बोटीबरोबर आलेली पुस्तिका काढली. तिच्यावरचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं. त्यांनी ते फाडलं, चार पानं वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. बोट कोरडी करून ठेवा, खाली भिजणारं कापड नको, तांबं-पितळ लागू देऊ नका, झाकलं तरी हवा खेळू द्या. भागीबाईने पातेल्यावरून सांगितलेलं सगळं तिथे इंग्रजीत छापलेलं होतं.

"मग अर्धी मी खाल्ली," मॅडम म्हणाल्या आणि दोघांनाही हसू आवरेना.

अंबडच्या एका वेल्डरने बोटीला ठिगळं लावून दिली. मॅडमनी भागीबाईला मुद्दाम शेडमध्ये बोलावलं. पदर खोचून ती ट्रेलरभोवती फिरली आणि बोटीला घासणारी एक पितळी कडी तिने शोधून काढली. मध्ये रबर घालून घेतलं. फळ्यांवरही आता रबराच्या पट्ट्या आहेत. पावसाळ्यात बोट नाक वर करून उभी असते, तळाचं बूच काढलेलं असतं, आतलं पाणी आपोआप गळून जातं. ताडपत्री दोन्ही टोकांना उघडी असते.

या वर्षी बोट एका फेरीसाठी वैतरणा धरणावर नेली होती. परत येताना रस्त्याचं काम चालू होतं, ट्रेलरसकट सगळं चिखलाने माखलं. हा चिखल अंगावर वाळू द्यायचा नाही, म्हणून मोतीरामने त्र्यंबक रोडवरच्या गाड्या धुण्याच्या सेंटरवर थांबायला लावलं. सेंटरवाल्याने बोटीभोवती दोन चकरा मारल्या आणि हिला कारच्या दरात धरू का ट्रकच्या, असं विचारलं. मोतीराम म्हणाला, कशातही धर, पण साबण कमी आणि साधं पाणी भरपूर मार. मग स्वतःच पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाइप घेऊन ट्रेलरखाली शिरला.