उआइसेले सरांचे दोन नियम

नुकुआलोफा ह्या बेटावरच्या शहरात, चर्चमागच्या सभागृहात उआइसेले सरांनी बावीस वर्षं पोरांना नाटक शिकवलं. दिवसा शाळेत भूगोल, संध्याकाळी तालीम. माणूस मोठा गमतीचा. एकदा डुकराचं काम करणाऱ्या पोराला त्यांनी तीन दिवस खऱ्या डुकरांमागं हिंडवलं. पोरगं असं काही तयार झालं, की त्याची आई येऊन म्हणाली, "सर, आता ह्याला जरा माणसांत आणा."

त्यांचे नियम दोनच. चपलांबरोबर घराणंही दाराबाहेर ठेवायचं, आत कुणी कुणाचं नातेवाईक नाही. आणि तालमीत 'नाही' म्हणायचं नाही, समोरून येईल ते घ्यायचं. ह्या नियमांनी कितीतरी बुजरी पोरं बोलती झाली. मेलेआने त्यांतलीच. पहिलं वर्षभर ती खांबाआड उभी असायची, आता लोक खास तिला बघायला यायचे.

यंदा नायकाचं काम करणारा मुलगा फळं तोडायच्या कामावर ऑस्ट्रेलियाला गेला. सरांनी त्याच्या जागी वावाऊ बेटावरून नुकत्याच आलेल्या कितिओनेला उभं केलं. नायिका मेलेआनेच. प्रसंग साधाच. त्यानं तिच्या गळ्यात फुलांची माळ घालायची, तिनं डोळ्यांत बघून "जिवलगा, थांब" म्हणायचं. मेलेआने वर बघेचना.

"अगं, त्याच्या अंगठ्यावर प्रेम बसलंय का तुझं?" सर म्हणाले. पोरं हसली. ती दोघं हसली नाहीत.

"परत."

आठवडाभर हेच. सर चिडले, तिला सगळ्यांदेखत लाकूड म्हणाले. शेवटी एकदा मेलेआनेनं डोळे वर केले आणि वाक्य म्हटलं. आवाज असा कापरा लागला, की सरांना वाटलं, जमलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

नेमकी तेव्हाच तिची आत्या, लोलोहेआ, दारात येऊन उभी राहिली. पोरांसाठी नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पुड्या आणल्या होत्या. टोपली खाली ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, "सर, ही माझ्या थोरल्या भावाची, तो धाकट्याचा. भाऊबहीण आहेत ती."

सरांचे हात तसेच राहिले. जिथं भावाबहिणीनं एका छपराखाली चावट विनोदसुद्धा ऐकायचा नाही, तिथं त्यांनी हे करवून घेतलं होतं.

"तू बोलली का नाहीस गं?" आत्यानं विचारलं.

"इथं कुणी कुणाचं नसतं, आत्या. आणि नाही म्हणायचं नसतं."

मेलेआने तालमीला यायची थांबली. सरांना अन्न गोड लागेना. शनिवारी सकाळी त्यांनी माफी मागायच्या तिथल्या रीतीप्रमाणं कमरेला फाटकी चटई बांधली, गळ्यात इफीच्या झाडाच्या पानांची माळ घातली आणि आत्याच्या अंगणात मान खाली घालून मातीत बसले. आत्यानं त्यांना बराच वेळ तसंच बसू दिलं. मग ओट्यावरून उतरून त्यांच्या गळ्यातली माळ काढली.

"माझ्याकडून मिटलं. तिचं तिला विचारा."

मेलेआने दारात आली.

"पोरी, कितिओनेला दुसरं काम देतो," सर म्हणाले. "नाटकच नको असेल तर तसं सांग. मी राग धरणार नाही. येशील?"

"हो, सर." लगेच.

बावीस वर्षं सर पोरांचे चेहरे वाचत आले होते. हे 'हो' तिचं, की त्यांनीच शिकवलेलं, ते काही त्यांना उमगेना.

"घाई नाही. उद्या सांग."

"हो, सर."