काचेच्या बरणीतलं मूत्रपिंड

माझे यजमान रिसोडला तहसील कचेरीत कारकून होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. एका दिवाळीत त्यांच्या लघवीतून रक्त गेलं. दुखत काहीच नव्हतं. त्यांनी विश्वासाने मला सांगितलं, आणि मी विचारलं, "नागपूरले महिनाभर ट्रेनिंगले होते, तवा कोठी गेले होते तुमी?"

"कोठीच नाई."

"मंग हा रोग काय हवेतून लागला?"

गावातल्या डॉक्टरनेही तोच अर्थ काढला आणि बाहेरख्याली माणसाला देतात ती इंजेक्शनं टोचली. रक्त थांबलं, पुन्हा आलं. मी त्यांचं अंथरूण ओसरीवर टाकलं, ताट-तांब्या वेगळा केला. एवढ्याने माझं समाधान झालं नाही, म्हणून सासूबाईंच्याही कानावर घातलं. मुलगा समोर आला की त्या भिंतीकडे तोंड करून बसत. उन्हाळ्यात त्या गेल्या. शेवटचं पाणी त्यांनी माझ्या हातून घेतलं, पोटच्या मुलाचा हात बाजूला सारला.

पावसाळ्यात यजमानांच्या कुशीत गाठ लागली. नागपूरला ऑपरेशन करून डावं मूत्रपिंड काढलं. त्याची बरणी तपासणीच्या खोलीत मीच नेली. मी शाळेत शिकवते हे कळल्यावर तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी मला जवळ बोलावलं, ते उभं चिरून दाखवलं. खालचा भाग तांबूस, गुळगुळीत. वरचा पिवळा, मध्ये साकळलेलं रक्त.

"हे निरोगी, हा कॅन्सर. दोन्हींचे काप शेजारी शेजारी ठेवून बघू."

"हा बाहेरून लागतो का?"

"नाही हो. रक्त कधीपासून जातंय?"

"दिवाळीपासून."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "तेव्हाच आणायचं होतं."

ऑपरेशननंतर यजमान बोलू लागल्यावर मी डॉक्टर म्हणाले ते सगळं सांगितलं. रडलेही. त्यांनी ऐकून घेतलं.

"मले काहून सांगून राह्यली? मी कोठी गेलो नव्हतो, हे मले मालूमच होतं. मायले सांगाचं होतं."

त्यानंतर ते चार महिने जगले. औषध दिलं की घेत, उठवलं की उठत. दवाखान्यातल्या नर्सशी बोलावं तसं माझ्याशी बोलत. शेजारणी म्हणायच्या, हिने नवऱ्याची फार सेवा केली. मी त्यांना तसं म्हणू दिलं.