निळी हाळी

वर्षाराणीच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस जिन्यातच दचकतो. खाली चार म्हशींचा गोठा, वर दोन खोल्या, आणि मधल्या जिन्यात खिळ्यांना अडकवलेली चंदेरी अंगं. बिनडोक्याची, रुंद खांद्यांची, छातीत काचेचा डोळा बसवलेली. एकदा विजेचं मीटर बघायला आलेले गृहस्थ तीन पायऱ्या मागं सरकले, तर खालून शेणाची बुट्टी घेऊन येणाऱ्या तिच्या सासूबाई, धोंडुबाई, म्हणाल्या, "चावत न्हाईत ती. भाड्यानं जात्यात."

भाड्यानंच जातात. मलकापुरातून लग्न होऊन आली तेव्हा वर्षाराणीनं सोबत शिलाई मशीन आणलं होतं. त्यावर तिनं आधी शाळांच्या गॅदरिंगसाठी मावळे शिवले, कोळणी शिवल्या, फुलपाखरं शिवली. मग एका वर्षी शाळेतल्या बाईंनी यंत्रमानव मागितला, पुढच्या वर्षी परग्रहावरचा पाहुणा, आणि त्यानंतर प्रत्येक जण एकच विचारू लागला: लायटीचा हाय का? लायटीचा नव्हता, म्हणून तिनं करायला घेतला. योगाची जाड चटई कापायची, इस्त्रीच्या उबेवर वाकवून तिचं चिलखत करायचं, त्यावर चंदेरी रंगाचे दोन हात द्यायचे. आतून दिव्यांची पट्टी टाके घालून बसवायची आणि मोबाईल चार्ज करायची ती वीट कमरेच्या खिशात. पहिला पोशाख घरच्या प्लगला जोडून पेटवला तेव्हा वास सुटला, अंगठा भाजला, आणि अख्ख्या घराची वीज गेली. नवरा पृथ्वीराज दुधाचे कॅन उतरवत अंधारातून म्हणाला, "परग्रहावर पण फ्यूज उडतोय व्हय?"

त्या वेळी सगळ्यात मोठ्यानं हसले होते ते सासरे, गणपतराव. घरात आणि गल्लीत त्यांना आबा म्हणत. आबांचा आवाज हा गल्लीच्या मालकीचा ऐवज होता. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर त्यांनी पेला पुढं करून गिऱ्हाइकाला हाक दिली की पलीकडच्या चौकातला माणूस वळून बघायचा. नदीवर डुंबणाऱ्या पन्नास म्हशींतून आपल्या चार तेवढ्या ते काठावर उभे राहून बोलावून घ्यायचे. आणि तंबाखू सोडा म्हणून तीस वर्षं सांगणाऱ्या धोंडुबाईंना त्याच आवाजात गप्प करायचे.

या उन्हाळ्यात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. श्वास आता गळ्यातल्या भोकातून, त्यावर जाळीचं पांढरं फडकं. शिट्टीसुद्धा वाजत नाही, कारण तोंडात फुंकरच येत नाही. घरी आल्यावर त्यांना एक पाटी आणि पेन्सिल आणून दिली. आबा चौथी शिकलेले. पाटीवर ते फार थोडं लिहीत, आणि लिहिलेलं लगेच पुसत.

चौघींतल्या तिघी म्हशी पृथ्वीराजच्या हाकेला सरावल्या. भिंगरी नाही. पंढरपुरी वाणाची, तलवारीसारख्या लांब शिंगांची ही म्हैस याच गोठ्यात जन्मली आणि आबांच्याच हाताखाली वाढली. आबा पुढं जाऊन उभे राहिले की ती त्यांच्या खांद्यावरून मागं बघायची. जणू आवाजाचा धनी अजून यायचा आहे, आणि हा त्याच्या आधी आलेला कुणी गडी. वर्षाराणीनं ते एकदा पाहिलं, आणि पुन्हा बघायला लागू नये म्हणून आबा गोठ्यात जायच्या वेळी ती माडीवर मशीन चालवू लागली.

दसऱ्याच्या सुमाराला म्हैस विकत घ्यायची म्हणून शिरोळचे एक पाहुणे आले, भिंगरीला चारी बाजूंनी बघून गेले. ते गेल्यावर आबांनी पाटीवर लिहिलं, "ज्याला हाक न्हाय त्याला म्हस न्हाय." धोंडुबाईंनी ते वर्षाराणीकडून वाचून घेतलं आणि पाटी उलटी ठेवली. आबांनी ती सुलटी केली, खाली आणखी एक ओळ लिहिली: "पाडव्याला आली तर ऱ्हाईल."

पाडव्याची गल्लीची रीत अशी. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी धुऊन, तेल लावून, शिंगांना मोरपिसं आणि गळ्यात कवड्यांचे पट्टे घालून गल्लीच्या एका तोंडाला उभ्या करायच्या. दुसऱ्या तोंडाला मालक. दोरी सोडायची, मालकानं हाळी द्यायची, आणि हलगीच्या, फटाक्यांच्या, माणसांच्या गोंधळातून म्हशीनं आपल्या धन्यापाशी एकटीनं यायचं. बक्षीस काही नसतं. पण म्हैस आली नाही तर वर्षभर कट्ट्यावर मान वर करता येत नाही. आबांनी ही अट घातली तेव्हा ती पुरी न होण्यासाठीच घातली आहे, हे घरात सगळ्यांना कळलं होतं.

वर्षाराणीला वाट सापडली ती लाइट गेल्यामुळं. गणपतीत एका मंडळाच्या जिवंत देखाव्यासाठी तिनं पाच अंतराळवासी केले होते. ते दसरा झाल्यावर परत आले, त्यातल्या एकाचे दिवे लागत नव्हते. तो दुरुस्त करून, नीट चालतोय का बघायला तिनं अंगात घातला, तेवढ्यात गल्लीतली वीज गेली आणि खालून म्हशींनी पेंडीसाठी ओरडा सुरू केला. ती तशीच उतरली. छातीवरच्या निळ्या उजेडात तिनं चार घमेली भरली. म्हशी आधी बुजल्या, मग खाऊ लागल्या. त्या आठवड्यात रोज तिन्हीसांजेला वीज जात होती, आणि बॅटरी शोधण्यापेक्षा तो पोशाख चढवणं सोपं होतं. पाचव्या दिवशी ती जिन्यात असतानाच भिंगरी हंबरली. घमेलं अजून वरच होतं. भिंगरीनं पाहिला होता तो फक्त भिंतीवर पडलेला निळा उजेड.

वर्षाराणी जिन्यातच खाली बसली. मग उठून वर गेली आणि आबांच्या खांद्याचं माप घ्यायला टेप शोधू लागली.

आबांनी माप देताना काही विचारलं नाही. त्यांना वाटलं सून दिवाळीचा सदरा शिवत्येय. तयार झालेलं चिलखत बघितल्यावर मात्र त्यांनी पाटी मागवली. त्यावर एकच शब्द लिहिला: "सोंग."

धोंडुबाईंचंही तेच म्हणणं होतं. म्हाताऱ्या माणसाला चांदी फासून गल्लीत उभा करायचा, लोक काय म्हणतील, आधीच बिचाऱ्याचं काय कमी झालंय. वर्षाराणीनं त्यांना बोलू दिलं. मग आबांच्या पुढं बसली.

"आबा, पाडव्याचं पाडव्याला बघू. आजपास्नं सांजची पेंड तुम्ही द्यायची, हे घालून. एवढंच मागणं हाय."

 आबांनी चिलखत चढवून घ्यायला लहान मुलासारखे दोन्ही हात वर केले.

पहिल्या दिवशी सगळं फसलं, आणि चूक वर्षाराणीची होती. पोशाख पुरा दिसावा म्हणून तिनं वर गोल शिरस्त्राणही चढवलं होतं. गळ्याशी ते घट्ट बसलं, आबांचा श्वास अडला, त्यांनी ते दोन्ही हातांनी ओढून काढलं. आणि डोकं हातात घेऊन उभा असलेला माणूस बघून भिंगरीनं खुंटा उपटला.  त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर वर्षाराणीनं शिरस्त्राण बाजूला टाकलं, गळपट्टी पुढून पार कापून काढली, आणि गळ्यातलं फडकं उघडं राहील असा रुंद घाट दिला. परग्रहावरच्या माणसाचा गळा कसा असतो हे कुणी बघितलंय?

दुसऱ्या दिवसापासून आबा उघड्या डोक्यानं, छातीवर निळा दिवा घेऊन पेंड देऊ लागले. भिंगरीची नजर आधी दिव्यावर, मग घमेल्यावर. आठ दिवसांनी ती आबांच्या खांद्यावरून मागं बघेनाशी झाली. पण नुसता जळता दिवा म्हणजे हाक नव्हे, असं वर्षाराणीच्या मनानं घेतलं. दिवाळीत गल्लीत दिवे काय कमी असतात? आबांची हाळी दुसऱ्या कुणाची वाटायची नाही, तसा हा दिवा दुसऱ्या कुणाचा वाटता कामा नये. तिनं एक बटण आबांच्या मुठीत बसेल असं वायरीनं जोडलं. दाबलं की पेट, सोडलं की वीझ. आता प्रश्न एवढाच की आबा हाळी नेमकी कशी द्यायचे. तिनं पृथ्वीराजला विचारलं. तो म्हणाला, मोठ्यानं. आबांना विचारण्यात अर्थ नव्हता.

धोंडुबाई कॅनची झाकणं घासत बसल्या होत्या. त्यांनी वर न बघता एका झाकणावर बोटांनी ठोका धरला. दोन आखूड, एक लांब. मग भिंतीकडं तोंड करून, नव्या नवरीनं नाव घ्यावं तशा हलक्या आवाजात म्हणाल्या,

"ये. ये. भिंगरेऽऽ."

गोठ्यातून भिंगरी हंबरली.

आबांनी बायकोकडं बघितलं. पाटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं, तरी त्यांनी ती बाहीनं पुसली. आणि मुठीतलं बटण दाबलं. आखूड, आखूड, लांब.

पाडव्यापर्यंत तेवढंच चाललं. भिंगरीला गोठ्याच्या टोकाला सोडायचं, आबांनी दुसऱ्या टोकाला उभं राहून दिव्यानं हाळी द्यायची. सात वेळांतून पाच वेळा ती यायची. वर्षाराणी मशीनवर बसून कान खाली लावायची आणि खुरांचा आवाज मोजायची.

पाडव्याला दुपारी चारला गल्ली भरली. शिरोळचे पाहुणे टेम्पो लावूनच आले होते. आबा चंदेरी चिलखत घालून घराबाहेर पडले तेव्हा हसू फुटलं, शिट्ट्या झाल्या, कुणी तरी म्हणालं, आबा यान कुठं लावलंय. आबांची मान ताठ होती. वर्षाराणीनं त्यांच्या कमरेचा खिसा तपासला, आबांनी तपासायला म्हणून बटण दाबलं.

दिवा लागलाच नाही असं वाटलं. लागला होता, दिसत नव्हता. समोरून कार्तिकातलं पिवळंजर्द ऊन येत होतं आणि त्यात तो निळा ठिपका पार विरघळून गेला होता. पंधरवडाभर सगळी तालीम अंधाऱ्या गोठ्यात, तिन्हीसांजेला. गल्लीत ऊन असतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आणि आबांचा नंबर तिसरा.

शेवटचा नंबर सयाजीतात्यांचा होता. गेली वीस वर्षं तो त्यांचाच. शेवटचा नंबर मानाचा, आणि तात्या आणि आबा यांचं गल्लीतलं वैर हाही एक मानच होता. गणपतच्या हाळीनं माझ्या म्हशीचं दूध आटतं, असं तात्या कट्ट्यावर चारचौघांत सांगत. वर्षाराणी पुरुषांच्या गर्दीतून वाट काढत त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं सावरला. ऊन उतरल्याशिवाय दिवा दिसत न्हाय, तात्या, एवढंच ती म्हणाली.

तात्यांनी तिच्याकडं बघितलं, मग लांब उभ्या असलेल्या आबांकडं. तंबाखूची चिमूट दाढेत न सोडता परत डबीत टाकली.

"सहा म्हयनं झालं कट्ट्यावर भांडाय कोण न्हाय," ते म्हणाले. "माझा नंबर त्याला दे. तिसरा मी जातो."

असं म्हणून गेलेसुद्धा. तात्यांची म्हैस उन्हात धावत आली, लोकांनी टाळ्या पिटल्या, तात्यांनी तिकडं लक्षच दिलं नाही. ते ऊन किती उतरलंय तेच बघत होते.

शेवटचा नंबर आला तेव्हा आभाळ जांभळं झालं होतं. तात्यांनी मंडळाच्या पोरांना दटावून हॅलोजन बंद करायला लावले. हलगी थांबवली. भिंगरीची दोरी पृथ्वीराजनं सोडली. आबांनी मूठ आवळली.

आखूड, आखूड, लांब.

भिंगरीनं मान वर केली आणि ती तिथंच थबकली. कारण तेवढ्यात चारही बाजूंनी मोबाईल वर झाले. पन्नास-साठ पांढरे दिवे. भिंगरी एकाकडं बघे, दुसऱ्याकडं बघे, एक पाऊल डावीकडं टाके, परत घेई. आबा बटण दाबत राहिले. त्यांच्या गळ्यातलं फडकं जोरजोरानं आतबाहेर होऊ लागलं. 

"मोबाईल खिशात घाला," तात्या म्हणाले. फार मोठ्यानं नाही. "त्याला बोलू दे की जरा."

एकेक दिवा खाली गेला. गल्ली काळी झाली, आणि त्या काळ्यात आबांच्या छातीवरची ती एक निळी जागा उरली.

आखूड. आखूड. लांब.

भिंगरी धावली नाही. चालत आली. दोन्ही बाजूंच्या माणसांनी पाय मागं घेऊन तिला वाट दिली. कवड्यांचा पट्टा पावलागणिक वाजत होता. आबांपाशी येऊन ती उभी राहिली, त्यांच्या छातीला नाक लावलं, दिव्यावरून एकदा खरखरीत जीभ फिरवली, आणि मग पेंडीचं घमेलं कुठंच दिसेना म्हणून त्यांच्या डाव्या खांद्याचं चिलखत दातात धरून सावकाश चावायला लागली.

गल्ली एकदम उसळली. त्या दंग्यात शिरोळचे पाहुणे पुढं आले आणि आबांना म्हणाले, मग आमचं काय ठरलं? आबांचा एक हात भिंगरीच्या कपाळावर होता, दुसऱ्यात बटण, पाटी घरी. उत्तर धोंडुबाईंनी दिलं.

"पावणं, फराळ करून जावा. टेम्पो मोकळा न्यावा लागंल."

आबा हसायला लागले. आवाज नव्हताच, खांदे हलत होते, पोट हलत होतं, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि हसताना मूठ आवळत-सुटत होती तसा छातीवरचा दिवा कसाही, तालबिल सोडून, लुकलुकत होता.

"बास की गणपत," तात्या म्हणाले, "किती मोठ्यानं हसशील."

भिंगरीनं खांद्याचा वीतभर तुकडा तोडला होता. वर्षाराणी तो तिच्या तोंडातून काढायला पुढं झाली, कारण चटईचा फोम म्हशीच्या पोटात जाऊन चालणार नाही. तिनं जबड्यात हात घातला, आणि आबांनी वरून भिंगरीचं शिंग धरून तिला मदत केली.