वैजूचा राजपुत्र

गॅलरीत नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. लोक भिंतींकडे बघतात, आम्ही लोकांकडे बघतो. पण यंदाच्या कोरियन प्रदर्शनात मी एकट्या वैजूकडे बघत होते आणि जळून खाक होत होते. खोटं कशाला बोलू!

वैजू माझी रूममेट. चार वर्षं इथे आखातात, नईम भागातल्या एका खोलीत राहतोय. गॅलरीत ती शिवण-इस्त्री बघते, मी काउंटर. तिच्या आईने मालवणहून दुबईवाल्या मुलाचं स्थळ पाठवलंय आणि शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. मी काउंटरवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजत होते.

त्यात हे प्रदर्शन. कोरियात बायकांच्या नाटकमंडळ्या होत्या. राजा बाई, राणी बाई, शिपाईसुद्धा बाई. एका तरुण आर्टिस्टने त्यावर व्हिडिओ केले होते आणि सोबत खरी नटी आणली होती. वय पंचाहत्तर, जन्मभर राजपुत्राचं काम. वैजूने आजींना पाहिलं आणि खलास!

*

आजींना इंग्लिश मफी, इथल्या अरबीत म्हणजे अजिबात नाही, आणि वैजूला कोरियन मफी. तरी दोघी तासभर खिदळायच्या. एवढं काय बोलता म्हणून विचारलं, तर म्हणे, बाह्यांबद्दल!

वैजूने माझ्यासाठी केलेल्या घावण्यांतले तीन त्या दिवशी आजींच्या पोटात गेले.

*

मीही कमी नाही. म्हटलं, यात काय मोठंसं, माझे बाबा दशावतारात द्रौपदी करायचे. गावच्या बायका त्यांच्याकडून निऱ्या शिकायच्या.

वैजू सुई ओवत म्हणाली, "ते घरी आल्यावर लुगडं सोडायचे ना? आजी नाही सोडत."

मी मुकाट काउंटरवर परत गेले.

*

एका व्हिडिओत आजी आणि त्यांची नाटकातली राणी होत्या. मंडळी बंद पडल्यावर चाळीस वर्षं दोघींनी एकत्र संसार केला. आमच्या मॅनेजरने घाबरून खाली पाटी लावली, 'सहकलाकार'.

लाइट लावणारे शमीमभाई रत्नागिरीचे. त्यांनी पाटी दोनदा वाचली आणि म्हणाले की, सहकलाकार चाळीस वर्षं एका किचनात टिकत नाहीत, आमच्या घरात दोन जावा चार दिवस टिकल्या नाहीत.

सगळे हसले. वैजू मात्र पाटीसमोरून हललीच नाही.

*

गुरुवारी जेवताना मी विचारलंच, आईला काय सांगणार?

"कुणी थांब म्हटलं तर थांबेन," वैजू म्हणाली.

मी म्हटलं, डाळीत मीठ कमी आहे. असली मी! आजींनी घोड्यावरून येऊन उचलून नेलं असतं तिला.

*

शुक्रवारी प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. तिकडे कोरियात पूर्वी नाटकवेड्या मुली नवरीच्या वेषात राजपुत्राशेजारी लग्नाचा फोटो काढून घ्यायच्या म्हणे. तसाच फोटो आजी इथेही देणार होत्या. वैजू सकाळपासून नवरीच्या झग्यात.

ऐन वेळी आजींचा गुडघा धरला. त्या मटकन खाली बसल्या, इकडेतिकडे बघितलं आणि बोटाने मला बोलावलं. हनुवटी धरून स्वतः माझ्या भुवया जाड केल्या, मिशी रंगवली, पंखांची काळी टोपी डोक्यावर ठेवली. मी वैजूशेजारी उभी राहिले. शमीमभाईंनी फोटो काढला.

वैजूने तो तसाच आईला पाठवला. शब्द एक नाही.

दोन मिनिटांत फोन. वैजूने स्पीकरवर टाकला. मग आई म्हणाली,

"दुबयवाल्याचा रवांदे. ह्यो कॅमेऱ्याकडे नाय, तुझ्याकडे बघता. ह्येका नाय म्हणू नको."