मामांचा उजवा पाय

मामांना लाज वाटायची. स्वतःच्या चुकीची माणसाला वाटतेच. मामांना बाकीच्यांच्या चुकांचीही वाटायची. लग्नाच्या पंगतीत रसम खारट झालं तर आचारी निवांत तंबाखू चघळत असायचा, आणि मामा, जे नुसते जेवायला आलेले, ते शेजारच्या पानाकडे झुकून म्हणायचे, "जरा सांभाळून घ्या हं." बस उशिरा आली तर थांब्यावर असे उभे राहायचे, की जणू तिची किल्ली त्यांच्याच खिशात आहे.

मला याचा राग यायचा. मी पत्रकं लिहिते. कालव्यात सांडपाणी सोडणाऱ्यांविरुद्ध, तमिळमध्ये, लाल शाईत. जवळजवळ प्रत्येकाचा शेवट एकच असतो: लाज वाटू द्या. ज्यांना वाटायला हवी ते माझं पत्रक वाचत नाहीत. मामा वाचायचे. तंजावरात राजवाड्याजवळच्या गल्लीत मी त्यांच्याकडेच राहायचे, त्यामुळे पहिली प्रत त्यांच्या हातात. चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, आणि मग कालव्याच्या पुलावरून मान खाली घालून जायचे.

"मामा, हे तुमच्यासाठी नाही लिहिलेलं," मी एकदा फाडकन म्हटलं.

"कळतं गे. पण कुणी तरी घ्यायला हवं ना ते?"

असल्या माणसाशी काय भांडणार?

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मामांकडे दोनच गोष्टी उरल्या होत्या: एक जुनी पांढरी गाडी आणि एक थोरली बहीण. बहीण म्हणजे माझी आई. ती तिरुवैयारुला राहते. दर शुक्रवारी मामा गाडी घेऊन तिच्याकडे जायचे, तिला नदीकाठी, देवळात, कुणाकडे हळदीकुंकवाला, जिथं म्हणेल तिथं फिरवायचे. आईला वेगाची भोवळ येते. चाळीसच्या वर काटा गेला की मागच्या सीटवरून आवाज यायचाच, "तंबी, हळू." तंबी म्हणजे धाकटा भाऊ, शब्द तमिळ, पण आमच्या तंजावरी मराठी घरांत तोच रुळलेला. त्यामुळे मामांची गाडी गेली कित्येक वर्षं चाळीसनंच चाललेली. पेडलवरचा पाय एका जागी ठेवायचा, हलवायचा नाही. "पाय म्हणजे शब्द," मामा म्हणायचे. "एकदा दिला की दिला."

आणि मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात गाडी आचके द्यायला लागली. सपाट रस्त्यावर चालता चालता मधेच दम तुटल्यासारखी थबकायची, मग पुढे उसळी. मामांनी कुणाला सांगितलं नाही. शुक्रवार चुकायला लागले. कधी गुडघा, कधी ऊन, कधी प्लंबर यायचाय. आडी या तमिळ महिन्यातल्या नदीच्या सणाला मामा आणि आई चिंचेचा भात, लिंबाचा भात घेऊन काठावर बसायचे, लहानपणापासून. त्या वर्षी मामांनी भात स्वतः केला, डबा भरला आणि शेजाऱ्यांच्या हाती बसनं पाठवला.

आईचा मला फोन आला. "डबा पोचला. तंबी कुठाय?"

मी काहीतरी सारवासारव केली.

"कंटाळला असेल मला," ती म्हणाली. "त्याला सांग, तसं तोंडावर सांगितलं तरी चालेल."

मामांना गाठलं, तेव्हा त्यांनी आधी पाय धोतरात ओढून घेतला, मग बोलले. "पाय ऐकत नाही गे. थरथरत असणार. मला कळत नाही, पण गाडीला कळतं. अक्का मागे बसलेली असते. काय झालं तर?"

मी त्यांना आणि गाडीला घेऊन मेकॅनिकच्या शेडमध्ये गेले. त्यानं कॉम्प्युटर जोडला. त्यात कुठलाच दोष दिसेना. मग एकटाच गाडी घेऊन बायपासवर सुसाट जाऊन आला. "गाडी ठणठणीत आहे," म्हणाला, आणि नजर हळूच मामांच्या चपलेकडे वळवली. "वय होतं सार, काय करणार."

मी भडकले. म्हाताऱ्यांना मोडीत काढणारा समाज, वगैरे वगैरे, पत्रकातली वाक्यंच्या वाक्यं तोंडून गेली. मामांनी माझा दंड धरला आणि मेकॅनिकला म्हणाले, "परवाइल्लै, असू दे, तिचं मनावर घेऊ नका." घरी आल्यावर मी आईला फोन करून काय सांगितलं? "मामांना आता गाडी झेपत नाही." जे त्या माणसानं दबकत म्हटलं, ते मी बेधडक म्हटलं. आजही ते वाक्य माझ्याच आवाजात ऐकू येतं, आणि कानशिलं तापतात.

आई दुसऱ्या दिवशी बसनं हजर. उंबऱ्यातूनच भावाला म्हणाली, "मला घरी सोड. गाडीनं."

मामांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी चालवायला, ते शेजारी, आई मागे. मी आपली माझ्या चालीनं, साठनं निघाले. गाडी लोण्यासारखी. माझ्या मनात आलं, बघा, म्हणजे पायच. वेट्टार नदी ओलांडल्यावर आईचा आवाज आला. "हळू गे. चाळीस."

मी काटा चाळीसवर आणला, पाय स्थिर ठेवला. गाडीनं आचका दिला. लगेच दुसरा.

"माफ कर, अक्का," मामा म्हणाले.

आई मागच्या सीटवरून पुढे झुकली. म्हणाली, "तंबी, तुझा पाय कुठाय?"

मामांनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. दोन्ही पाय चटईवर, जुळवून ठेवलेले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलाचे असतात तसे.

तसेच वळून शेडमध्ये गेलो. आचका बसतो तो चाळीसलाच, पाय हलवला नाही की, हे ऐकताच मेकॅनिकनं कपाळावर हात मारला. पेडल दाबलं की इंजिनात हवा सोडणारी झडप उघडते, आणि ती किती उघडली हे सांगायला तिथं एक छोटा सेन्सर असतो. त्याच्या आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून सरकणारी पात. क्षणाचा खंड दिसायला मेकॅनिकला काट्याचा मीटर हवा होता, त्याच्याकडे आकड्यांचा होता. मामांनी घरून आपला टेलिफोन खात्यातला जुना मीटर आणला. मीटर जोडला, किल्ली फिरवली, इंजिन बंदच. मामांनी पेडल हळूहळू दाबलं आणि मी काटा पाहत उभी राहिले. इतका सावकाश, इतका सरळ चढणारा काटा! आणि एका जागी तो धपकन पडला, परत वर आला. पुन्हा दाबलं, त्याच जागी पडला. मग मेकॅनिकनं मामांना उतरवलं आणि बॉनेटखालून हातानं झडप फिरवली. काटा तिथंच पडला.

पट्टी तेवढ्याच जागी झिजली होती. चाळीसच्या जागी. इतकी वर्षं पाय जिथं ठेवला तिथं. बहिणीला भोवळ येऊ नये म्हणून.

"हे आधी का नाही सांगितलंत, सार? कुठल्या वेगाला होतं ते?"

"कुणी विचारलं नाही," मामा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. उलट आपल्यामुळे सगळ्यांची दोनदा धावपळ झाली, म्हणून ते शरमलेलेच होते. खरंच कुणी विचारलं नव्हतं. मेकॅनिकनं नाही, आणि मी तर नाहीच. मी भाषण करत होते.

नवा सेन्सर बसला. शुक्रवार परत सुरू झाले. पुढच्या आडीला दोघं काठावर बसली, आई चिंचेच्या भातात मीठ कमी आहे म्हणाली, आणि मामांनी या वेळी लाजायच्या ऐवजी डब्यातली पुडी काढून दिली. तेवढी एकच आडी मिळाली. मार्गळीच्या, म्हणजे डिसेंबरातल्या थंडीत मामा गेले. इस्पितळात शेवटचं स्पष्ट बोलले ते नर्सशी: सलाइनची सुई नीट बसेना, तर म्हणाले, "माझी शीरच तशी आहे."

गाडी आता मी चालवते. पत्रकंही लिहिते, पण शेवटची ओळ लिहिताना हात अडखळतो. ती कुणाच्या दारात जाऊन पडेल, सांगता येत नाही. दर शुक्रवारी आई मागे असते, काटा चाळीसवर असतो.

परवा पुलाच्या सांध्यावर गाडी दचकली. सांधा पुलाचा, गाडीचा काही दोष नाही, माझाही नाही. तरी तोंडून गेलं, "माफ कर गे आई."

मागून आई म्हणाली, "कोण बसलंय पुढं? तंबी?"