धक्क्याची भीती आणि पोटातली गोळी

गोळी सुटताना खांद्याला बसणाऱ्या तुमच्या रायफलीच्या धक्क्याची तुम्हाला भीती वाटते, हे तुम्ही कोणाला सांगितलंय का?

मी नव्हतं सांगितलं. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धची पत्रकं वाटत वाढलेली मी. मांस खायचं तर मारण्याची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलायची नाही, हे माझं तत्त्व. इथे परदेशात, नोव्हाय शहरातल्या ऑफिसात डबा खाताना मी गोळ्यांच्या ताकदीचे तक्ते उघडून बसायचे. थ्री हंड्रेड मॅग्नम या दणकट गोळीचा आकडा भला मोठा होता. तिचीच रायफल घेतली. मोठी गोळी म्हणजे झटपट मरण, म्हणजे दया, असं मी सगळ्यांना पटवत होते.

मला शिकार शिकवणारे काका मूळचे नागपूरचे, इथल्या गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांची लहान गोळीची टू फॉर्टी-थ्री माझ्या रायफलीपुढे खेळण्यातली वाटायची, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. ते नुसते हसले. सराव झाला का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणाले. खरं तर सात गोळ्यांतच खांदा काळानिळा झाला होता आणि आठवी भरायची हिंमत झाली नव्हती.

नोव्हेंबरात उत्तरेच्या जंगलात हरणी आमच्याकडे कूस करून उभी राहिली. जेमतेम साठ पावलांवर. चाप ओढतानाच माझे डोळे मिटले. ती पडली नाही. पाठ वाकवून हळूहळू झाडीत गेली.

मी उठले, तर काकांनी दंड धरला. "पोटात लागली. बस. आत्ता तिच्या मागे गेलीस तर मैलभर पळेल, मग सापडायची नाही."

पाच तास बसलो. मध्येच मी विचारलं, आता मेली असेल ना?

"ते सकाळी तुझ्या हातात होतं, बाळा."

मग माग काढत निघालो. रक्त थोडं, त्यात हिरवट, आंबूस घाण. ती ओढ्याकाठी पडली होती, मान वर, जिवंत. काकांनी आपली रायफल माझ्या हातात दिली आणि पुढच्या पायामागची जागा बोटाने दाखवली. मी चाप ओढला, धक्का जाणवलाही नाही. तिची मान खाली गेली.

गोळी मोठी की छोटी, हा वाद ऐकायचंही आता त्राण नाही. एवढंच करा: निघण्याआधी शंभर यार्डांवर जेवणाची कागदी प्लेट लावा आणि पाच गोळ्या मारा. एक जरी बाहेर गेली, तरी ट्रिप कॅन्सल करा.