बैलाचा हिरवा गोंडा

खोटी माशी बांधायचा नाद मला नव्वदच्या दशकात रद्दीतल्या एका मासिकानं लावला. गळावर पिसं आणि केस दोऱ्यानं गुंडाळायचे, की माशाला वाटतं किडाच पडला. वाटतं म्हणे! पंचगंगेतल्या एकाही माशाला कधी वाटलं नाही. पण मी पेटलो होतो. कोंबडीवाल्याकडून पांढरी पिसं आणायची, साबणानं धुवायची आणि रंगपंचमीचा उरलेला रंग, वर थोडं व्हिनेगर घालून स्टोव्हवर उकळायची. "अहो, या पातेल्यातली आमटी आता कोण खाणार?" बायको ओरडायची.

पिसं झाली, आता केस हवे होते. शेजारच्या काकांचा बैल शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढराशुभ्र. काकांचा सगळा जीव त्याच्यात. बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा, दोन दिवसांवर आला असताना मी कात्री घेऊन गोठ्यात शिरलो. चिमूटभरच घेणार होतो, आईशप्पथ! नेमकी त्यानं शेपटी झटकली आणि जवळजवळ अख्खा गोंडा माझ्या हातात. कापलाच आहे तर रंगवू, म्हणून पातेल्यात टाकला. माझी अक्कल ही अशी.

संध्याकाळी काका दारात. "करणी केली रं कुणीतरी. शेपटीचं क्यास न्हेलं. आता माझा बैल वाचत न्हाय बघ." दिवसभर काकांच्या पोटात अन्न नव्हतं, बेंदराला बैल बाहेर काढणार नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पातेल्यावरचं झाकण काढलं. आत पोपटी गोंडा गरगरत होता.

काकांनी आधी आत बघितलं, मग माझ्याकडं. एक सणसणीत थोबाडीत दिली आणि तिथंच बसून रडत रडत हसायला लागले. "करणी न्हाय व्हय! येडं हाय नुसतं!"

बेंदराच्या सकाळी मी दोरा आणि गाठ पक्की करायला बायकोचं नेलपॉलिश घेऊन तो गोंडा उरलेल्या केसांना बांधला. आयुष्यातली सगळ्यात मोठी माशी! मिरवणुकीत रंगवलेल्या शिंगांकडं कुणी बघेना, सगळी पोरं बैलाच्या मागं. काका छाती काढून चालत होते.

पुढं काही वर्षांनी बैल म्हातारा होऊन गेला. आठवड्यानं काका आले, खिशातून कागदाची पुडी काढली. आत तोच हिरवा गोंडा. नवे केस आल्यावर सोडवून जपून ठेवला होता.

"ह्याची बांध. एक तरी मासा लागू दे की तुला."

बांधली. पाण्यात टाकायचा धीर मात्र अजून होत नाही. खरंच मासा लागला आणि दोरी तोडून पळाला, तर काकांना काय सांगू?